क्लचची दांडी

मोटारसायकलच्या डाव्या मुठीपुढं एक दांडी असते. ती क्लचची दांडी. गॅरेजवाले तिला लिव्हर म्हणतात. उजव्या हाताची दांडी पुढच्या ब्रेकची. बिनगिअरच्या स्कूटरला मात्र डावीकडंही ब्रेकच असतो. म्हणून स्कूटरवर हात बसलेला माणूस कधी मोटारसायकल घेतो आणि घाईत डावी दांडी आवळतो. गाडी थांबत नाही, उलट मोकळी सुटते. घरात दोन्ही गाड्या असतील तर पोरांना हे आधी सांगून ठेवा.

क्लच करतो काय? इंजिन फिरतं. ती फिरकी गिअरमधून मागच्या चाकाला जाते. मधे क्लचच्या चकत्या असतात, त्यांना प्लेटा म्हणतात. स्प्रिंगा या प्लेटा एकमेकींवर दाबून धरतात. तुम्ही दांडी आवळली की केबल ओढली जाते आणि प्लेटांवरचा दाब सुटतो. इंजिन वेगळं, चाक वेगळं. तेवढ्यात गिअर बदलायचा. दांडी सोडली की प्लेटा पुन्हा एकमेकींना धरतात.

आता आपल्या कागलचा रस्ता बघा. गैबी चौकातली गर्दी. गळिताच्या दिवसांत कारखान्याकडं निघालेल्या उसाच्या ट्रॉल्या. महामार्गावर यायचं तर ट्रकांमधून वाट काढायची. दर चार पावलांना क्लच लागतो. दांडी नीट नसेल तर सगळा भार डाव्या मनगटावर येतो.

आमच्या ओळखीचे एक दूधवाले आहेत. गाडीला दोन्हीकडं कॅन लावून दोन वेळा फेरी करतात. त्यांचा डावा अंगठा मुळाशी ठणकायचा. रात्री हातातला तांब्या धरवायचा नाही. त्यांना वाटलं, वय झालं. त्यांनी तेल चोळलं, पट्टा बांधला, पण दुखणं गेलं नाही. शेवटी एका मिस्त्रीनं गाडीवर बसवून त्यांचा हात बघितला. दांडी वर आभाळाकडं फिरलेली होती आणि केबल कोरडी ठणठणीत. अर्ध्या तासाचं काम निघालं. दुखणं पंधरा दिवसांत उतरलं.

मिस्त्रीनं केलं ते तुम्हालाही करता येईल. इंजिन बंद ठेवा. गाडीवर नेहमीसारखे बसा आणि डोळे मिटून हात मुठीवर ठेवा. बोटं सरळ करा. कोपर, मनगट आणि बोटं एका ओळीत आली पाहिजेत आणि बोटं थेट दांडीवर पडली पाहिजेत. बोटं दांडीच्या खाली जात असतील तर दांडी खाली फिरवायची. ज्या पकडीत ती बसली आहे तिचा स्क्रू थोडा ढिला केला की ती फिरते. पुन्हा आवळताना जीव खाऊन आवळू नका. दांडी हलणार नाही इतपत पुरे. गाडी पडलीच तर पकड थोडी फिरेल आणि दांडी मोडण्यापासून वाचेल.

यानंतर ढील बघायची. हे सगळ्यांत महत्त्वाचं. दांडी हलक्या हातानं ओढा. सुरुवातीला ती रिकामी येते, मग जोर लागतो. त्या रिकाम्या चालीला गॅरेजात 'प्ले' म्हणतात. शंभर सीसीच्या बऱ्याच गाड्यांत दांडीच्या टोकाशी ही चाल १० ते २० मिलीमीटर असावी लागते. काही गाड्यांत ती दांडीच्या मुळाशी मोजतात आणि तिथं २ ते ३ मिलीमीटरच ठेवतात. तुमच्या गाडीचा आकडा गाडीबरोबर मिळालेल्या पुस्तिकेत छापलेला असतो. ती पुस्तिका बहुतेक घरांत प्लास्टिकच्या पिशवीत कपाटावर पडलेली असते. आता तुम्हाला वाचता येतं. ती खाली काढा.

ढील अजिबात नसेल तर प्लेटा पुऱ्या दाबल्या जात नाहीत. त्या घसरतात आणि जळतात. निपाणीच्या पुढं तवंदी घाट चढताना इंजिन ओरडतं आणि गाडी मात्र पुढं सरकत नाही, ती याच कारणानं. ढील फार असेल तर उलटं होतं. दांडी पुरी ओढली तरी प्लेटा सुटत नाहीत. गिअर कटकट करतो, न्यूट्रल सापडत नाही, आणि सिग्नलला गाडी पुढं ओढ घेते. प्लेटा झिजल्या की ढील कमी होते. केबल ताणली की वाढते. म्हणून एकदा बसवलं आणि विसरलं, असं चालत नाही.

ढील दोन ठिकाणी बसवता येते, केबलच्या खालच्या टोकाला इंजिनाजवळ आणि बऱ्याच गाड्यांत वर दांडीपाशीही. आधी लॉक नट सोडा. वरचा स्क्रू बाहेर काढला की ढील कमी होते, आत घातला की वाढते. मोठा फरक खालीच करा, कारण वरचा स्क्रू फार बाहेर आला तर त्याचे आटे धरत नाहीत. ढील जमली की लॉक नट आवळा. हँडल डावी-उजवीकडं पुरं फिरवून बघा. केबल कुठं ताणली जाता कामा नये.

नवी दांडी घेताना जुनी बरोबर न्या. बिजागरीच्या भोकापासून केबलच्या खाचेपर्यंतचं अंतर दोन्हींत सारखं हवं. ते कमी असेल तर दांडी हाताला हलकी लागते, पण केबल कमी ओढते. जास्त असेल तर जड लागते. टोकाला गोल गुंडी असलेली दांडीच घ्या. पडल्यावर बिनगुंडीचं टोक हातात शिरतं. चकचकीत आखूड दांड्यांचा मोह पोरांना फार. दांडी जेवढी आखूड, तेवढा जोर जास्त, हे मात्र त्यांना कुणी सांगत नाही. बोटं लहान असतील तर अंतर बदलायची चकती असलेली दांडी मिळते का विचारा. वाकलेली दांडी ठोकून सरळ करू नका. ॲल्युमिनियमची असली तर ती आज सरळ होईल आणि उद्या रस्त्यात मोडेल.

चालवताना दांडी पुरी ओढा, गिअर टाका आणि हळूहळू सोडा. गाडी धरते ती जागा हाताला चार दिवसांत कळते. एरवी बोटं दांडीवर टेकवून ठेवू नका. तेवढ्या भारानंही प्लेटा घासतात.

केबलीच्या वरच्या तोंडात अधूनमधून तेलाचे चार थेंब सोडा. केबल सहसा एकदम तुटत नाही. आधी टोकाच्या गोळीजवळ एखादी बारीक तार सुटते. तिथं बोट फिरवून बघा. तार टोचली, तर लांबच्या फेरीला निघायच्या आधी नवी केबल घाला.