शिकाऱ्याचा पोशाख आणि कोरडी हवा



१९ सप्टेंबर १९९१ रोजी आल्प्स पर्वतात, इटली आणि ऑस्ट्रिया यांच्या सीमेजवळ, एका जोडप्याला वितळत्या बर्फातून वर आलेले एक प्रेत दिसले. जागा समुद्रसपाटीपासून ३,२१० मीटर उंचीवरची. हा अलीकडेच अपघातात सापडलेला कोणी गिर्यारोहक असावा, असे प्रथम सर्वांना वाटले. पण किरणोत्सर्गी कार्बनच्या पद्धतीने त्याचा काळ ठरवला, तेव्हा तो माणूस सुमारे ५,३०० वर्षांपूर्वीचा निघाला! जवळच्या ओत्स दरीवरून लोक त्याला 'ओत्सी' म्हणू लागले. आज तो इटलीतील बोल्झानो येथील संग्रहालयात, बर्फासारख्या थंड खोलीत जपून ठेवलेला आहे.

ओत्सीजवळ अर्धवट घडवलेले धनुष्य, चौदा बाणांचा भाता आणि तांब्याची कुऱ्हाड होती. त्याच्या पोटात रानबोकडाच्या व हरणाच्या मांसाचे अंश सापडले. म्हणजे डोंगरातल्या शिकारीची त्याला चांगली माहिती होती. तो मेला तो थंडीने नव्हे. २००१ साली क्ष-किरणांच्या तपासणीत त्याच्या डाव्या खांद्यात घुसलेले बाणाचे टोक दिसले. तेव्हा त्याच्या मृत्यूचा दोष त्याच्या कपड्यांना देता येत नाही. उलट, उंच डोंगरावर जाणाऱ्या माणसाने काय घालावे, याचा एक उत्तम धडाच त्याने आपल्यासाठी बर्फात जपून ठेवला आहे. आपल्या देशात वन्य प्राण्यांच्या शिकारीला कायद्याने बंदी आहे आणि ते योग्यच आहे. पण सह्याद्रीतल्या किल्ल्यांवर तुम्ही जाताच. तेव्हा हा धडा आपल्याही उपयोगाचा आहे.

कपडे ऊब देतात का?

या प्रश्नाचे सरळ उत्तर 'नाही' असे आहे. घोंगडी खुंटीवर टांगून तिच्यात तापमापक ठेवा. खोलीचे जे तापमान, तेच घोंगडीचे! उष्णता निर्माण करते ते आपले शरीर. स्वस्थ बसलेल्या मोठ्या माणसाचे शरीर ताशी सुमारे ८० किलोकॅलरी उष्णता निर्माण करते. कपड्यांचे काम एवढेच, की ही उष्णता बाहेर जाण्यास उशीर लावावयाचा.

हे काम खरे तर कापडही करीत नाही. ते करते कापडाच्या धाग्यांत अडकलेली हवा. हवा ही उष्णतेची अतिशय दुर्वाहक आहे. पाण्याची उष्णतावाहकता तिच्या सुमारे पंचवीस पट असते. मात्र हवा मोकळी असेल तर ती तापून वर जाते, तिच्या जागी थंड हवा येते आणि अभिसरणाने उष्णता निघून जाते. म्हणून हवा लहान लहान कप्प्यांत कोंडून ठेवावी लागते. लोकर, केस, पिसे, कापूस, वाळलेले गवत ही सर्व हवा कोंडण्याची साधने होत.

आता ओत्सीचा पोशाख पाहा. अंगरखा शेळी आणि मेंढी यांच्या केसाळ कातड्यांच्या पट्ट्या जनावरांच्या स्नायुतंतूंनी शिवून केलेला. पायांवर चढवावयाच्या तंगड्याही कातड्याच्या. डोक्यावर अस्वलाच्या कातड्याची टोपी आणि ती वाऱ्याने उडू नये म्हणून हनुवटीखाली बांधावयाचे बंद. केसांत हवा कोंडलेली आणि कातड्याने वारा अडवलेला, अशी दुहेरी व्यवस्था झाली.

डोंगर चढताना हवेचे तापमान दर किलोमीटरला सरासरी साडेसहा अंश सेल्सिअसने उतरते. या हिशोबाने ओत्सी जेथे सापडला तेथली हवा समुद्रसपाटीपेक्षा सुमारे २१ अंशांनी थंड असणार. आपले कळसूबाई शिखर १,६४६ मीटर उंच आहे. तेथे किती अंशांचा फरक पडेल, ते तुम्हीच काढा.

शिकाऱ्याची खरी अडचण

मग जितके जाड कपडे तितके चांगले, असे म्हणावे काय? येथेच शिकाऱ्याची अडचण सुरू होते. तो काही वेळ चढतो आणि मग कित्येक तास हालचाल न करता दबा धरून बसतो. या दोन स्थितींत त्याच्या शरीरात निर्माण होणारी उष्णता फार वेगवेगळी असते.

थोडे गणित करू. ६० किलोग्रॅम वजनाचा माणूस तासात ४०० मीटर उंची चढला, तर त्याने केलेले कार्य

६० × ९.८ × ४०० = २,३५,२०० ज्यूल, म्हणजे सुमारे ५६ किलोकॅलरी.

आपले स्नायू हे काही फार कार्यक्षम यंत्र नव्हे. खर्च होणाऱ्या ऊर्जेचा जेमतेम चौथा भाग कार्यात उतरतो, बाकीची उष्णता होते. म्हणजे ५६ किलोकॅलरी कार्यासाठी सुमारे १७० किलोकॅलरी उष्णता तयार झाली. तिच्यात नेहमीच्या ८० मिळवा. बेरीज २५० झाली. बसलेल्या माणसाच्या तिपटीहून अधिक!

आता हा माणूस जाड अंगरखा घालून चढू लागला, तर ही उष्णता बाहेर पडणार कशी? शरीर घाम गाळू लागते. घामाने आतले कपडे भिजतात. माथ्यावर पोचून तो स्वस्थ बसला की उष्णता पुन्हा ताशी ८० वर येते. कपडे मात्र ओलेच राहतात. चढताना ज्या घामाने त्याला वाचवले, तोच घाम आता त्याचा वैरी होतो.

ओल्या कापडाचा हिशोब

ओले कापड दोन प्रकारे उष्णता पळवते. एक तर हवेच्या कप्प्यांत पाणी शिरते आणि वहन वाढते. दुसरे म्हणजे ते पाणी वाळू लागते. वाळणे म्हणजे बाष्पीभवन, आणि त्यासाठी दर ग्रॅम पाण्याला सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. तिला आपण अप्रकट उष्णता म्हणतो. एखाद्याच्या कपड्यांत अर्धा लिटर, म्हणजे ५०० ग्रॅम पाणी असेल, तर ते सर्व वाळण्यास

५०० × ५८० = २,९०,००० कॅलरी, म्हणजे २९० किलोकॅलरी लागतील.

यातली काही उष्णता हवेतून मिळते, पण बरीचशी अंगातूनच घेतली जाते. सगळी अंगातून गेली असे धरले, तर बसलेल्या माणसाची साडेतीन तासांहून अधिक काळाची कमाई एवढ्या पाण्यापायी गेली! वारा असेल तर हे सारे अधिकच झपाट्याने होते.

हा हिशोब केवळ बर्फाळ प्रदेशापुरता आहे, असे समजू नका. काही वर्षांपूर्वी भाद्रपदात आम्ही विद्यार्थ्यांना घेऊन एका किल्ल्यावर गेलो होतो. पाऊस आणि वारा होता, पण थंडी म्हणावी अशी कोणालाच वाटत नव्हती. सुती सदरा आणि जाड जीन घातलेला एक मुलगा माथ्यावर पोचल्यावर कुडकुडू लागला. मित्र त्याची थट्टा करीत होते. थोड्या वेळाने त्याचे कुडकुडणे थांबले, तेव्हा आम्हांला वाटले, आता बरे वाटते आहे. पण तो अडखळत बोलू लागला आणि साधी गाठही त्याला सोडवता येईना. बरोबरच्या एका गावकऱ्याने त्याला देवळाच्या आडोशाला नेले, ओले कपडे उतरवून कोरडे चढवले आणि आपल्या घोंगडीत गुंडाळले. मग गरम, गोड चहा पाजला. तासाभरात मुलगा सावरला. पदार्थविज्ञान मी शिकवीत होतो, पण त्या दिवशी ते वापरले त्या गावकऱ्याने.

शरीराचे आतले तापमान ३७ अंशांवरून ३५ अंशांच्या खाली गेले की धोका सुरू होतो. कुडकुडणे हा शरीराचा उष्णता निर्माण करण्याचा प्रयत्न आहे. माणूस ओला व थंड असतानाच ते थांबले, बोलणे अडखळू लागले, तर ते बरे होण्याचे लक्षण नव्हे. अशा माणसाला आडोसा, कोरडे कपडे व पांघरूण द्यावे. तो शुद्धीवर असेल आणि नीट गिळू शकत असेल, तरच गरम, गोड पेय पाजावे. हातपाय चोळू नयेत. डॉक्टरांची मदत लवकर मिळवावी.

एक जाड की तीन पातळ?

आता निवड सोपी झाली. एका जाड कपड्याऐवजी तीन थर घ्यावेत. प्रत्येकाचे काम निराळे असते.

अंगालगतच्या थराने घाम शोषून धरू नये, तो बाहेरच्या बाजूस जाऊ द्यावा. सुती बनियन येथे निरुपयोगी, कारण कापसाचा धागा पाणी पितो, मऊ पडतो आणि अंगाला चिकटतो. पॉलिएस्टरसारखे कृत्रिम धागे पाणी फारच थोडे घेतात. लोकरीचा धागा नागमोडी व स्प्रिंगसारखा असतो. तो आपल्या वजनाच्या सुमारे तीस टक्के ओलावा घेऊनही हाताला फारसा ओला लागत नाही आणि ओला झाल्यावरही त्यातले हवेचे कप्पे बरेचसे टिकतात. मधला थर हवा कोंडण्यासाठी. तो स्वेटरचा असू शकेल. सर्वांत बाहेरचा थर वारा व पाऊस अडवण्यासाठी.

बाहेरच्या थरात एक पेच आहे. साध्या प्लास्टिकचा रेनकोट पाऊस अडवतो, पण घामाची वाफही कोंडतो आणि माणूस आतून भिजतो. १९६९ साली अमेरिकेतील बॉब गोर यांनी टेफ्लॉन झटक्यात ताणून सूक्ष्म छिद्रांचा पापुद्रा तयार केला. त्याची छिद्रे पाण्याच्या थेंबापेक्षा हजारो पटींनी लहान, पण वाफेच्या रेणूपेक्षा शेकडो पटींनी मोठी असतात. वाफ बाहेर जाते, थेंब आत येत नाही. पण असा महागडा कोट नसला तरी अडत नाही. गळ्याशी व बगलेत मोकळी जागा असलेला साधा रेनकोटही पुष्कळ काम देतो.

थरांचा खरा फायदा असा, की ते काढता व घालता येतात. अनुभवी शिकारी चढण सुरू होण्यापूर्वीच एक थर काढून पिशवीत ठेवतो आणि बसण्यापूर्वी, अंग थंड पडण्याच्या आधी, तो पुन्हा चढवतो. निघताना थोडी थंडी वाजत असेल, तर कपडे बरोबर आहेत असे समजावे!

जोड्यातले गवत

ओत्सीचे जोडे तर पाहण्यासारखे आहेत. तळ अस्वलाच्या कातड्याचा, त्याचे केस आतल्या बाजूस. वरचा भाग हरणाच्या कातड्याचा. आत झाडाच्या सालीच्या दोऱ्यांची जाळी आणि त्या जाळीने पायाभोवती धरून ठेवलेले वाळके गवत. तळाला बाहेरून एक कातडी पट्टी आडवी लावलेली, निसरड्या जागी पकड मिळावी म्हणून.

गवताने किती फरक पडतो? समजा, एक माणूस शून्य अंशाच्या बर्फावर उभा आहे, त्याच्या तळव्यांचे तापमान ३० अंश आहे आणि दोन्ही तळव्यांचे क्षेत्रफळ ०.०३५ चौरस मीटर आहे. तळाशी नुसते अर्धा सेंटिमीटर जाडीचे चामडे असेल, तर वहनाच्या सूत्राने सुमारे ३० वॅट उष्णता बाहेर जाते. म्हणजे बसलेल्या माणसाच्या एकूण उष्णतेचा तिसरा हिस्सा! त्यावर एक सेंटिमीटर कोरड्या गवताचा थर दिला, की हाच आकडा साडेचार वॅटच्या आसपास येतो. आणि तेच गवत चिंब भिजले, तर पुन्हा वीस वॅटच्या घरात जातो. आकडे ठोकळ आहेत, पण बोध स्पष्ट आहे. उत्तर युरोपातील सामी लोक रेनडियरच्या कातड्याच्या जोड्यांत असेच गवत भरीत. रात्री ते काढून वाळवीत आणि सकाळी पुन्हा घालीत.

जोडे ओले ठेवले तर काय होते, हे एव्हरेस्टवरही दिसून आले. २९ मे १९५३ च्या पहाटे एडमंड हिलरी यांचे बूट तंबूत गोठून दगडासारखे झाले होते. स्टोव्हवर धरून ते मऊ करण्यात सुमारे दोन तास गेले आणि मगच हिलरी व तेनसिंग शिखराकडे निघू शकले.

जोडे निवडताना तीन गोष्टी पाहा. पहिली, ते घट्ट नसावेत. दोन मोजे कोंबून घट्ट बूट घातला, तर हवा दाबली जाते आणि रक्तप्रवाहही अडतो. पाय अधिकच गार पडतो. दुसरी, पुढे बोटांना थोडी जागा हवी, कारण उतरताना पाय पुढे सरकतो. तिसरी, वजन. पाठीवरचे ओझे बरेचसे एकसारखे पुढे जाते, पण पायातल्या बुटाला प्रत्येक पावलाला थांबवावे लागते आणि पुन्हा वेग द्यावा लागतो. म्हणून बुटाचे ओझे पाठीवरच्या ओझ्यापेक्षा फार जास्त दमवते. आणि पिशवीत कोरड्या मोज्यांचा एक जोड विसरू नका.

करून पाहा

चार सारखे स्टीलचे पेले घ्या. एकाला कोरडे सुती कापड, दुसऱ्याला ओले सुती, तिसऱ्याला कोरडी लोकर, चौथ्याला ओली लोकर गुंडाळा. मोठ्यांच्या मदतीने प्रत्येकात ६० अंशांचे सारखेच पाणी ओता, झाकण्या ठेवा आणि पेले पंख्यासमोर मांडा. दर पाच मिनिटांनी तापमान घेऊन अर्ध्या तासाचा आलेख काढा. दोन ओल्या पेल्यांत फरक पडतो का? पंखा बंद करून प्रयोग पुन्हा केला तर काय होईल? एका पेल्याच्या ओल्या कापडावर प्लास्टिकची पिशवी चढवली तर?

ओत्सीला वाहकता हा शब्द ठाऊक नव्हता, अप्रकट उष्णताही नव्हती. पण अंगाभोवतीची हवा कोरडी ठेवली पाहिजे, हे त्याच्या लोकांनी पिढ्यान्‌पिढ्यांच्या अनुभवाने ओळखले होते. पुढच्या पावसाळ्यात गडावर निघताना एक कोरडा स्वेटर प्लास्टिकच्या पिशवीत नीट बांधून बरोबर घ्या. तो तुमच्या उपयोगी पडला नाही, तरी एखाद्या कुडकुडणाऱ्या मित्राच्या नक्की पडेल.