शेतीशाळेच्या प्रशिक्षकाला आधार कोणाचा?

प्रश्न : मी कापसाच्या शेतीशाळा घेते. वर्गात अडले तर विचारायला कोणी नसते. वरिष्ठांना विचारले की तपासणीच सुरू होते. काय करावे?

उत्तर : ताई, हे एकटीने सोसण्याची मुळीच गरज नाही. शेजारच्या गावांत शेतीशाळा घेणाऱ्या तिघा-चौघांना गाठा आणि आळीपाळीने एकमेकांच्या वर्गाला जाऊन बसा.

पाहुण्याने मध्ये बोलायचे नाही. वहीत एवढेच टिपायचे : प्रश्न कोणी विचारला, उत्तर कोणी दिले, मागे बसलेल्या बायका कधी बोलल्या. वर्ग सुटल्यावर बांधावर बसून आधी वर्ग घेणारीलाच विचारायचे, “कुठे अडलं?” सल्ल्याची घाई झाली की माणूस चुका झाकायला लागतो. समजा, कामगंध सापळ्यात सलग ३ रात्री दर रात्री ८ पतंग आले तर गुलाबी बोंडअळीसाठी फवारणी, असे तुम्ही सांगितले आणि एक शेतकरी म्हणाला, “दुकानदार तर आजच मार म्हणतो.” तुम्ही गप्प झालात. सहकारी सांगेल की तिने अशा वेळी बोंडे फोडून गटालाच अळ्या मोजायला लावल्या. हे पुस्तकात मिळत नाही.

१९८९ मध्ये इंडोनेशियात भातावरील तपकिरी तुडतुड्यांमुळे शेतीशाळा सुरू झाल्या, तेव्हापासून शेतकऱ्याने स्वतः पाहून ठरवावे हाच त्यांचा गाभा आहे. प्रशिक्षकांनीही तसेच शिकावे, असे माझे ठाम मत आहे.

मात्र बांधावरच्या या बैठकीतले काहीही अहवालात जाऊ नये. वरिष्ठांना तसे आधीच सांगून ठेवा. तारखा पेरणीपूर्वीच ठरवा, वेचणी लागली की कोणाला सवड मिळत नाही.