कापूस घरात, सोनं चढलेलं : तारण किती ठेवावं?

प्रश्न : भाव नाही म्हणून आमचा कापूस घरातच पडून आहे. खरिपासाठी दीड लाख लागतील. जळगावच्या सराफात सोनं चढलंय, त्यामुळे माझ्या तीन लाखांच्या दागिन्यांवर बँक सव्वादोन लाख द्यायला तयार आहे. सगळे घेऊ का? की सोनं मोडून टाकू?
– एक शेतकरी भगिनी, ता. शिंदखेडा (जि. धुळे)

उत्तर : ताई, सोनं मोडू नका. दिलेली घडणावळ परत मिळत नाही आणि पुन्हा दागिना करताना घडणावळ व जीएसटी नव्याने भरावा लागतो. तारण ठेवा, पण सव्वादोन लाख घेऊ नका.

तुमचा कापूस पडला आणि सोनं चढलं, दोन्हींमागे जगातली एकच अस्थिरता आहे. अमेरिकेने 27 ऑगस्ट 2025 पासून कापड-कपड्यांसह भारतीय मालावर 50 टक्के शुल्क लावलं. त्याच सुमारास आपल्या सरकारने कापसावरचं 11 टक्के आयात शुल्क माफ केलं, ते थेट 31 डिसेंबरपर्यंत. ऐन वेचणीत बाहेरच्या गाठी स्वस्त झाल्या. शेतकऱ्यावर हा अन्यायच होता. दुसरीकडे अमेरिकेच्या वाढत्या कर्जामुळे मूडीज या पतमानांकन संस्थेने मे 2025 मध्ये तिचं मानांकन उतरवलं आणि सोन्याकडे ओढा वाढला. मध्यवर्ती बँका तर 2022 पासून सोनं साठवत सुटल्या आहेत.

असा चढलेला भाव उतरतोही. सप्टेंबर 2011 मध्ये औंसाला 1,900 डॉलरवर गेलेलं सोनं डिसेंबर 2015 मध्ये 1,050 च्या आसपास आलं होतं.

आता तुमचा हिशेब. व्याज 10 टक्के धरलं तर सव्वादोन लाखांचे वर्षअखेर 2,47,500 होतात. भाव 20 टक्के उतरला तर दागिने उरतात 2,40,000 चे. म्हणजे कर्ज सोन्याहून मोठं. बँक त्याआधीच पैसे भरा नाहीतर आणखी सोनं आणा म्हणेल. दीड लाखाचे मात्र 1,65,000 च होतात, म्हणून गरजेपुरतेच घ्या.

त्याआधी एक विचारते, पीककर्ज घेतलंय का? तीन लाखांपर्यंतचं पीककर्ज वेळेत फेडलं तर डॉ. पंजाबराव देशमुख योजनेत व्याज शून्यावर येतं. ते मिळत असेल तर दागिने कपाटातच राहू द्या.

तारण ठेवलंच तर वजन तुमच्यासमोर व्हावं आणि पावतीवर शुद्धता व निव्वळ वजन लिहून घ्या. 1 एप्रिल 2026 पासूनच्या नियमांप्रमाणे कर्ज फिटल्यावर सात कामकाजाच्या दिवसांत दागिने परत मिळाले पाहिजेत. बँकेमुळे उशीर झाला तर दिवसाला 5,000 रुपये भरपाई मागा.