विजेचें नवें जाळें आणि शेतकऱ्याची नोंद

ज्या गोष्टीची मोजणी झाली नाहीं तिचा आकार नजरेनें ठरतो, आणि नजरेनें ठरलेला भार बहुधा ज्यास दाद मागतां येत नाहीं त्याच्याच खातीं पडतो. महसूल दप्तरांत हयात घालविल्यावर प्रस्तुत लेखकास एवढें तरी उमगलें आहे. विजेच्या नव्या व्यवस्थेविषयीं येथें जें लिहावयाचें तें याच दृष्टीनें.

हल्लीं ज्यास 'स्मार्ट ग्रिड' म्हणतात तें काय? जुन्या व्यवस्थेंत वीज पाटाच्या पाण्याप्रमाणें एकाच दिशेनें वाहे : उत्पादन केंद्रापासून उपकेंद्राकडे, तेथून रोहित्राकडे, आणि रोहित्रावरून घरीं अथवा विहिरीवर. खालीं काय चाललें आहे याची वरच्यास खबर नसे. महिन्यानें मनुष्य येऊन आंकडा टिपून नेई. नव्या व्यवस्थेंत फीडर, रोहित्र व मीटर हे दर पंधरा अथवा तीस मिनिटांचा आंकडा आपण होऊन कचेरीकडे धाडतात, आणि ज्याच्या छपरावर सौर पाट्या आहेत त्याची वीज उलट दिशेनेंही जाळ्यांत शिरते. पाटकऱ्यास प्रत्येक दाराचें पाणी बसल्या जागीं दिसावें, तसा हा प्रकार होय. सूर्याची वीज दुपारीं मुबलक व रात्रीं शून्य असल्यामुळें अशा देखरेखीवांचून पुढें निभाव लागणें कठीण आहे.

मुंबईच्या विजेशीं शेतकऱ्याचा संबंध आजचा नव्हे. खोपोलीचें जलविद्युत केंद्र १९१५ सालीं चालू झालें. पुढें मुळशीच्या धरणाखालीं मावळांतील गांवें जाऊं लागलीं तेव्हां १९२१ सालीं सेनापती बापट प्रभृतींच्या पुढारीपणाखालीं सत्याग्रह झाला. धरण झालेंच, मुंबईच्या गिरण्या त्या विजेवर चालल्या, जमीन गेलेल्यांच्या वांट्यास त्यांतील किती उजेड आला, हें निराळें सांगावयास नको.

आमच्या कांदिवलीची तऱ्हा वेगळी आहे. उपनगरांतील तारांचें जाळें १९२९ सालीं स्थापन झालेल्या बी. एस. ई. एस. कंपनीचें, तें पुढें रिलायन्सकडे व २०१८ सालीं अदानी कंपनीकडे गेलें. २००८ सालच्या सर्वोच्च न्यायालयाच्या निकालानें टाटा कंपनीसही येथें किरकोळ ग्राहकांस वीज विकण्याची वाट मोकळी झाली. म्हणून तार एकाची व वीज दुसऱ्याची घेणारीं बिऱ्हाडें येथें आढळतात. गांवच्या खातेदारास ही निवड नाहीं. त्यास महावितरण एकच. परंतु निवड असली म्हणजे सर्व साधलें असेंही नाहीं. १२ ऑक्टोबर २०२० रोजीं सकाळीं दहाच्या सुमारास पारेषणाच्या तारा बंद पडल्या, आणि सर्व मुंबईची वीज जाऊन लोकल गाड्या जागच्या जागीं उभ्या राहिल्या. असें संकट आल्यास शहरास बाकीच्या जाळ्यापासून तोडून जिवंत ठेवण्याची योजना अनेक वर्षांपासून तयार होती. त्या दिवशीं ती उपयोगी पडली नाहीं.

२०२१ सालीं केंद्र सरकारनें वितरण सुधारणेची जी योजना मंजूर केली तींत २५ कोटी प्रीपेड स्मार्ट मीटर बसविण्याचें योजिलें होतें. महाराष्ट्रांत यास विरोध झाला, आणि सामान्य ग्राहकास प्रीपेड मीटर लावणार नाहीं असें जून २०२४ मध्यें शासनानें जाहीर केलें. विरोध अस्थानीं होता असें आम्हांस वाटत नाहीं. २००३ च्या कायद्याच्या ५६ व्या कलमान्वयें थकबाकीदाराची वीज तोडण्यापूर्वीं पंधरा दिवसांची नोटीस द्यावी लागते. ज्याची शिल्लक संपतांच दिवा विझतो त्यास ही सवड उरते कोठें? मात्र पैसे आधीं घेणें ही एक गोष्ट व नीट मोजणें ही दुसरी. दोहोंची गल्लत होऊं नये.

शेतीचा पंप या योजनेच्या प्रीपेड मीटरांतून वगळलेला आहे. वेळेप्रमाणें दर आकारण्याचा जो नियम २०२३ सालीं झाला त्यांतूनही शेतकरी वगळला आहे. शिवाय एप्रिल २०२४ पासून साडेसात अश्वशक्तीपर्यंतच्या पंपास राज्यांत वीज मोफत आहे, आणि ही सवलत पांच वर्षांची आहे. यांत संतोष मानून स्वस्थ बसावें काय? त्याच कायद्याचें ५५ वें कलम मीटरवांचून वीज देऊं नये असें सांगतें. तरीही असंख्य पंपांची आकारणी केवळ अश्वशक्तीवर होत आली. जेथें मीटर नाहीं तेथें खप अंदाजानें धरतात, आणि त्या अंदाजाच्या पोटांत गळती व चोरीही खपून जाते. वीज नियामक आयोगानें नेमलेल्या अभ्यासगटासही शेतीचा खप फुगवून दाखविला जात असल्याचें आढळलें. 'शेतकरी फुकट वीज उधळतो' हा शहरांतील बोभाटा याच आंकड्यांवर उभा आहे, आणि सवलतीची मुदत सरल्यावर पुढचा दर ठरेल तोही याच आंकड्यांवर.

सौर फीडरविषयींही दोन शब्द. मुख्यमंत्री सौर कृषि वाहिनी योजनेंत खासगी जमिनीस हेक्टरीं सालीना सव्वा लाख रुपये भाडें व त्यावर दरसाल तीन टक्के वाढ ठरली आहे. दिवसा पाणी देतां येणें हा लाभ तर उघडच आहे. पण पुष्कळ ठिकाणीं गायरानें घेतलीं जातात. गुरें मग कोठें चरावीं, हें ठराव करण्यापूर्वीं ग्रामसभेंत बोललें पाहिजे. सातबाऱ्यावर फेरफार झाल्यावर बोलून कांहीं निघत नाहीं.

आपल्या फीडरचा मासिक आंकडा महावितरणच्या कचेरींतून लेखी मागावा व तो पुढील रीतीनें ताडून पाहावा. समजा, एका फीडरवर पांच अश्वशक्तीचे ३०० पंप आहेत. एकूण १५०० अश्वशक्ती, तिला ०.७४६ नें गुणितां १,११९ किलोवॅट होतात. आठ तासांचा पुरवठा धरल्यास दिवसाचे ८,९५२ युनिट. सगळे पंप सर्व वेळ चालले तर हा आकार, एरवीं कमीच. मोटार आपल्या अंगच्या शक्तीहून थोडी जास्त वीज ओढते, तेवढी सूट ठेवावी. शिवाय मंजुरी पांचाची व विहिरीवर मोटार साडेसाताची, असा प्रकार कोणत्या गांवीं नाहीं? तो आधीं आपसांत मोजून काढावा, आणि वीज किती वाजतां आली व किती वाजतां गेली याची रोजची नोंद गांवांतील एका जबाबदार इसमाकडे सोंपवावी.