मिठाचा डबा कोणी हलवला?

शास्त्रपाठ : मार्क १०:४६-५२, लेवीय १९:१४



बार्तीमयाची गोष्ट आपण रविवारच्या शाळेपासून ऐकत आलो आहोत. यरीहोच्या वाटेवर बसलेल्या त्या आंधळ्या भिकाऱ्याला पुष्कळांनी दटावून गप्प करायचा प्रयत्न केला. येशूने मात्र त्याला बोलावून घेतले आणि तुला काय हवे, असे विचारले. तो आंधळा आहे हे सर्वांना दिसत होते, तरीही प्रभूने विचारले. हा प्रश्न किती मोठा आहे, हे मला नंदुरबार जिल्ह्यात, सातपुड्यातल्या एका पाड्यावर, चुलीपुढे बसून कळले.

त्या पाड्यावर पन्नाशीच्या एक मावशी राहतात. काचबिंदूने त्यांची नजर हळूहळू गेली. काचबिंदूत गेलेली नजर परत येत नाही, म्हणून डॉक्टरांकडून आता फारशी आशा नव्हती. मी त्यांच्याकडे पांढरी काठी घेऊन गेले आणि टोपल्या विणायला शिकवायचे मनाशी ठरवूनही टाकले. त्यांना काय हवे, हे मी तिसऱ्या भेटीत विचारले.

मावशी म्हणाल्या, "ताई, मला चुलीजवळ बसू द्या."

दिवाळी झाली की त्यांचा मुलगा आणि सून ऊसतोडीसाठी गुजरातेत जातात, ते होळीला परततात. आदल्या वर्षी शेजारी त्यांना भाकर आणून देत. एखाद्या दिवशी कोणी विसरले, तर मावशी पाणी पिऊन निजत. मागायची लाज वाटे. घरात पीठ होते, डाळ होती. पण चुलीला हात लावायची त्यांना बंदी होती. एकदा त्यांचा हात विस्तवात गेला होता, तेव्हापासून सून त्यांना जवळ येऊ देत नसे. सुनेच्या मनात वाईट काही नव्हते, तिला भीती वाटत होती.

पोळा नुकताच झाला होता. आमच्या हाती जेमतेम दोन महिने होते.

आधी जागा, मग विस्तव

पहिला आठवडा आम्ही चूल पेटवलीच नाही. थंड चुलीभोवती मावशींनी हात फिरवून सगळे मोजून घेतले : तवा उजवीकडे, पाण्याचा हंडा डावीकडे, सरपण समोरून एकाच बाजूने आत सारायचे. पदर कमरेला घट्ट खोचायचा, केस बांधायचे. भांडे आधी चुलीवर नीट बसवायचे आणि मगच काडी ओढायची. रॉकेल मुळीच वापरायचे नाही.

विस्तव पेटल्यावर हाताची पालथी बाजू दुरून हळूहळू पुढे न्यायची. धग कुठे सुरू होते ते तिथेच कळते. तव्याची कड शोधायला उलथणे वापरायचे, बोटे नाही. तरीही एकदा चटका बसलाच. आम्ही त्यावर वीस मिनिटे गार पाणी ओतत राहिलो. हळद किंवा टूथपेस्ट लावली नाही. दुसऱ्या दिवशी मावशी स्वतःहून चुलीपुढे येऊन बसल्या.

कान, नाक आणि बोटे

डाळीत पाणी किती, हे पातेले थंड असतानाच बोटाच्या पेरांनी मोजायचे. पातेल्याच्या तळाशी स्टीलची छोटी वाटी टाकून ठेवली, की पाण्याला उकळी येताच ती खडखडते. तेल तापले का, हे पाहायला मोहरीचा एकच दाणा टाकायचा. तो तडतडला की बाकीची फोडणी. मिरची-लसूण त्या पाट्यावर वाटत, त्यामुळे विळीची गरज क्वचितच पडे. ती ठरल्या जागी, पाते भिंतीकडे करून ठेवलेली असे.

भाकरी मी त्यांना काय शिकवणार? पीठ मळणारे आणि थापणारे हात काही विसरले नव्हते. फक्त ती तव्यावर टाकण्याचा धीर हवा होता. उलटल्यावर येणारी चुरचुर मंदावली की भाकर भाजत आली, आणि टिचकी मारल्यावर ती कोरडी, पोकळ वाजते, हे त्यांनीच मला शिकवले.

माझी चूक

दसऱ्याच्या सुमारास मावशींनी पहिल्यांदा सगळ्या घरासाठी डाळ केली. मुलाने घास घेतला आणि थांबला. डाळ गोड लागत होती. मिठाऐवजी साखर पडली होती. सून म्हणाली, "मी सांगत होते ना, त्यांना जमायचं नाही." मावशी काहीच बोलल्या नाहीत. त्यांनी हात धुतले आणि दाराशी, आपल्या जुन्या जागी जाऊन बसल्या.

मला मात्र सकाळ आठवली. फळी पुसताना मी डबे "नीट" लावले होते. मिठाचा डबा मी हलवला होता आणि मावशींना सांगितले नव्हते. खरे सांगते, क्षणभर गप्प राहावेसे वाटले. शिकवायला आलेल्या बाईनेच चूक केली, हे कसे सांगायचे? पण मी गप्प राहिले असते, तर त्या बाईंची चूल कायमची सुटली असती. मी सर्वांसमोर सांगितले, "मावशींचं चुकलं नाही. डबा मी हलवला."

आंधळ्यापुढे अडखळण ठेवू नये, अशी आज्ञा लेवीय १९:१४ मध्ये आहे. अडखळण म्हणजे वाटेतला दगड, असेच मी आजवर समजत होते. त्या दिवशी कळले, की न सांगता हलवलेला डबा हीदेखील अडखळण आहे. हातातून काढून घेतलेले उलथणे, "राहू द्या, मी करते" हे प्रेमाचे शब्द, हीसुद्धा अडखळणच. दयेपोटी ठेवलेला दगडही दगडच असतो.

दुसऱ्या दिवशी सुनेनेच मिठाच्या डब्याला एक रबर लावले आणि साखरेच्या डब्याला दोन. त्यानंतर त्या फळीला कोणी न विचारता हात लावला नाही.

दिवाळीनंतर

मुलगा-सून ऊसतोडीला गेले. डिसेंबरात मी पाड्यावर गेले, तेव्हा मावशींनी मला ज्वारीची भाकर आणि डाळ वाढली. भाकरीची एक कड करपली होती. "वास आला, पण जरा उशीर झाला," त्या हसून म्हणाल्या. पाणी आणि सरपण अजूनही शेजारचा मुलगा आणून देतो. मात्र तो त्यांच्याच घरी जेवून जातो. आता मागण्याची लाज नाही, कारण देणेही आहे.

हे काम आपल्या महाराष्ट्रातील मंडळीला नवे नाही. पंडिता रमाबाईंच्या केडगावच्या मुक्ती मिशनमध्ये त्यांची कन्या मनोरमाबाई यांनी अंध मुलींना ब्रेल शिकवण्याचे काम केले. तो वारसा आपल्या घरातूनही चालू राहू शकतो. अंध व्यक्तीला भेटाल, तेव्हा आधी आपले नाव सांगा. "तिकडे आहे" असे न म्हणता "तुमच्या उजव्या हाताला" असे म्हणा. वस्तू हलवलीच, तर तसे सांगा.

मनन व चर्चेसाठी

१. बार्तीमयाला गप्प करणाऱ्या लोकांत आपण कधी होतो का?

२. प्रीतिभोजनाच्या वेळी आपण अंध बंधुभगिनींना नेहमी पंगतीतच बसवतो. स्वयंपाकाला त्यांना कधी बोलावले आहे का?

३. आपल्या घरात कोणासाठी आपण प्रेमानेच अडखळण ठेवली आहे?

प्रभू आपल्याला आधी विचारण्याची नम्रता, आणि चूक झाल्यास ती कबूल करण्याचे धैर्य देवो. आमेन.