मॅनिफोल्ड बदलण्याआधी

मे महिन्यात पांढरकवड्याचा पारा 44-45 वर गेला की जुन्या पेट्रोल गाड्यांचे मालक माझ्या गॅरेजात येऊ लागतात. तक्रार ठरलेली. सकाळी गाडी ठणठणीत, दुपारी यवतमाळच्या चढावर दम सोडते आणि एकदा बंद केली की लवकर सुरू होत नाही. उपायही ते घरूनच ठरवून आलेले असतात: "मिस्त्री, मोठा कार्ब्युरेटर लावून द्या अन् मॅनिफोल्ड बदला."

या गाड्यांत जुने ट्रकही असतात. आजचे ट्रक डिझेलचे, त्यांना कार्ब्युरेटरच नाही. पण कधीकाळी डॉज, फार्गो, शेवरले, बेडफर्ड हे ट्रक पेट्रोलवरही धावत. वालचंद हिराचंदांनी 1944 मध्ये स्थापन केलेल्या प्रीमियर ऑटोमोबाइल्सच्या कुर्ल्याच्या कारखान्यात डॉज-फार्गो तयार होत, आणि महिंद्रांनी विलीज जीप आणली. पुढे डिझेल स्वस्त पडतं म्हणून कित्येक ट्रकांत पर्किन्सचं डिझेल इंजिन बसलं. जे पेट्रोलवरच राहिले, ते आता हौशी लोकांच्या अंगणात उभे आहेत.

त्यातलाच एक डॉज एका शेतकऱ्याने हौसेने घेतला. उन्हाळ्यात बंद पडतो म्हणून त्याने तो एका मोठ्या शहरातल्या वर्कशॉपमध्ये नेला. तिथे मूळ ओतीव मॅनिफोल्ड काढून पाइप जोडून बनवलेलं नवं बसवलं, वर दोन कार्ब्युरेटर आणि सायलेन्सरच्या बाजूला पातळ पाइपांचा हेडर. दिसायला देखणं काम होतं, यात शंका नाही. पैसेही तसेच गेले.

हा ट्रक मी पहिल्यांदा पाहिला तो डिसेंबरमध्ये. आमच्याकडे तेव्हा पहाटे चांगलीच थंडी असते. चोक ओढल्याशिवाय इंजिन चालेना, चोक सोडला की खोकून बंद. डिपस्टिक काढून वास घेतला तर ऑइलला पेट्रोलचा वास. त्या थंड पाइपांत पेट्रोलची वाफ टिकत नव्हती. थेंब होऊन ते सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन खाली उतरत होतं. ऑइल पातळ झालं, प्रेशर पडलं आणि शेवटी बेअरिंगं वाजू लागली. उन्हाळ्यात दुसरीच गंमत. हेडरचे पातळ पाइप बॉनेटखाली ओतीव लोखंडापेक्षा जास्त उष्णता फेकतात, आणि पेट्रोलची नळी नेमकी त्यांच्यावरून गेलेली. ज्या तक्रारीसाठी एवढा खर्च झाला, ती जागची हलली नाही.

मूळ दोष काय असावा, ते या इंजिनांची रचना माहीत असलेल्याला कळतं. अशा सहा सिलिंडरच्या इंजिनात हवेचं आणि धुराचं मॅनिफोल्ड एकमेकांना बोल्टने जोडलेलं असतं. मधे एक झडप, बाहेरून तिच्या दांड्यावर वजन आणि चपटी स्प्रिंग. इंजिन थंड असताना झडप गरम धूर वरच्या मॅनिफोल्डच्या तळावर वळवते, म्हणजे पेट्रोलची वाफ होते. इंजिन तापलं की स्प्रिंग सैल पडते आणि धूर सरळ सायलेन्सरकडे जातो. ही झडप वर्षानुवर्षे न हलता गंजून गरम बाजूला अडकली, तर भर उन्हात कार्ब्युरेटरखाली चूल पेटलेली राहते. पेट्रोलचा हलका भाग 35-40 अंशांनाच उकळू लागतो. पंचेचाळीसच्या उन्हात बॉनेटखाली काय होत असेल?

म्हणून काही विकत घेण्याआधी इंजिन पूर्ण थंड असताना ते वजन हाताने फिरवून पाहा. फिरलं पाहिजे आणि सोडल्यावर परतलं पाहिजे. अडकलं असेल तर रॉकेलमध्ये ग्रॅफाइटची पूड कालवून दांड्यावर सोडा, हलक्या हाताने ठोका, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. इंजिन ऑइल घालू नका, ते जळून कोळसा होतो आणि झडप आणखी घट्ट बसते. कोणी सांगेल की तारेने ती कायमची उघडी बांधून टाका. उन्हाळ्यापुरतं चालेल, पण हिवाळ्यात तार सोडा.

बंद पडण्याचे प्रकारही दोन आहेत, ते ओळखा. चढावर चालता चालता पेट्रोल येणं थांबलं, तर पंपाआधीच्या नळीत वाफ अडकली आहे. ओला फडका पंपावर आणि नळीवर ठेवा. तापलेल्या मॅनिफोल्डवर पाणी ओतायचं मात्र नाही, ओतीव लोखंड तडकतं. याउलट, बंद करून चहा घेऊन आलात आणि सुरू होईना, पेट्रोलचा वास सुटला, तर कार्ब्युरेटरच्या वाटीतलं पेट्रोल उकळून आत सांडलं आहे, गाडी ओव्हर झाली आहे. तेव्हा चोक ओढू नका. अ‍ॅक्सिलरेटर पूर्ण दाबून धरा आणि स्टार्टर मारा. वास जोराचा असेल तर आधी बॉनेट उघडून थोडा वेळ जाऊ द्या.

खर्च करायचाच तर कार्ब्युरेटरखाली जाड फायबरचं पॅकिंग घाला, मधे पत्र्याचा आडोसा द्या, नळी सायलेन्सरपासून लांब वळवा. टाकीजवळ इलेक्ट्रिक पंप लावला तरी चालतो, कारण ढकललेल्या पेट्रोलची ओढलेल्यापेक्षा कमी वाफ होते. पण दाब तीन-चार पौंडांवर नको, नाहीतर फ्लोटची सुई दबून पेट्रोल सांडेल. इंजिन थांबलं की पंपही थांबेल अशी वायरिंग करा. अपघातात चालू राहिलेला पंप आग लावतो. आता पेट्रोलपंपांवर 20 टक्के इथेनॉलचं पेट्रोल मिळतं, तेव्हा जुन्या रबरी नळ्या आणि पंपाचा पडदाही बदलून घ्या. इथेनॉल त्यांना फुगवतं. मिश्रणही थोडं पातळ पडतं, म्हणून जेट एखाद्या नंबरने मोठा लागू शकतो.

महिंद्राच्या उंच बॉनेटच्या जीपवाल्यांना मात्र हवेच्या मॅनिफोल्डचा प्रश्नच नाही. त्यांच्या हरिकेन इंजिनात हवेचा रस्ता हेडमध्येच ओतलेला असतो. बदलायचा तर हेडच बदलावं लागेल, आणि कोणी "हवेचं नवीन मॅनिफोल्ड बसवून देतो" म्हणाला तर समजा की त्याने ते इंजिन कधी उघडलेलं नाही.

डॉजचं जुनं मॅनिफोल्ड त्या वर्कशॉपने भंगारात काढलं होतं. मालकाला दुसरं मिळेपर्यंत ट्रक उभाच राहिला. मिळालं ते वाकडं होतं. जुनं काही लावताना त्याच्या पाट्या सरळ पट्टीवर तपासा, वाकड्या असतील तर मशीनवर घासून घ्या. बसवताना दोन्ही भागांचे जोडबोल्ट आधी सैल ठेवा, ब्लॉकच्या बाजूचे नट आवळा, मग जोडबोल्ट. उलट केलं तर कान मोडतो आणि मग वेल्डरच्या दारात जावं लागतं. ओतीव लोखंड नीट वेल्ड करणारा तालुक्यात सहज सापडत नाही.