कुट्टू : उपवासाच्या आहारातील संस्कारविचार

मधुमेही रुग्ण नवरात्रात किंवा एकादशीनंतर रक्तशर्करेचा वाढलेला अहवाल घेऊन येतो आणि सांगतो, "साबुदाणा सोडला, कुट्टूच खाल्ला." अधिक विचारणा केल्यावर कळते की कुट्टूच्या पिठात उकडलेला बटाटा मळून त्याच्या पुऱ्या तळल्या होत्या. द्रव्य बदलले, परंतु त्यावरील संस्कार तोच राहिला. असे रुग्ण आपणां सर्वांनाच भेटत असल्याने कुट्टूच्या घरगुती पाककृतींचा विचार येथे करीत आहोत.

द्रव्यपरिचय

कुट्टू म्हणजे बकव्हीट (फॅगोपायरम एस्क्युलेंटम). नावात 'व्हीट' असले तरी गव्हाशी याचा संबंध नाही. हे तृणधान्य नसून चुका व रेवंदचिनी यांच्या कुळातील वनस्पतीचे त्रिकोणी फळ आहे. म्हणूनच ते उपवासास चालते. हिमालयाच्या उंच भागात याची शेती होते. उत्तराखंडात यास ओगल म्हणतात, तर याच्याच कडवट जातीस फाफर म्हणतात. महाराष्ट्रात राजगिरा, शिंगाडा व वरई हे परंपरेने प्रचलित असून कुट्टू अलीकडे शहरांतील दुकानांतून मिळू लागला आहे.

१०० ग्रॅम कुट्टूत सुमारे १३ ग्रॅम प्रथिने व १० ग्रॅम तंतू असतात. साबुदाण्यात हे दोन्ही घटक नगण्य असतात. मात्र कुट्टूत सुमारे ७० ग्रॅम कर्बोदके असतात, हेही रुग्णास सांगितले पाहिजे. रसाने कुट्टू मधुर-कषाय व गुणाने रूक्ष आहे असे आम्ही अनुमान करतो; लोकव्यवहारात तो उष्ण मानला जातो.

करण, संयोग व राशि

चरकसंहितेच्या विमानस्थानात सांगितलेल्या आठ आहारविधिविशेषायतनांपैकी करण, संयोग व राशि या तिघांकडे येथे विशेष लक्ष द्यावे लागते. कुट्टूत ग्लूटेन नसल्याने गार पाण्यात मळलेले पीठ तुटते. ते बांधले जावे म्हणून घरोघरी बटाटा मिसळतात, आणि तळल्याने ते अधिक गुरु होते. पुढील तीन कृतींत बटाटाही नाही व तळणही नाही.

१) खिचडी : सोललेले कुट्टूचे दाणे १ वाटी घेऊन धुवावेत, निथळावेत व मंद आचेवर खमंग भाजावेत. १ चमचा तुपात जिरे, हिरवी मिरची व दुधीच्या फोडी परतून त्यात दाणे, २ वाट्या गरम पाणी व सैंधव घालावे. झाकण ठेवून सुमारे १५ मिनिटे शिजवावे. भाजल्याने लाघव येते व दाणे चिकट होत नाहीत.

२) उकडीचे थालीपीठ : उकळत्या पाण्यात सैंधव व थोडे तूप घालून पीठ ढवळावे आणि ५ मिनिटे झाकून ठेवावे. नंतर दुधीचा किंवा लाल भोपळ्याचा कीस व जिरे घालून मळावे. ओल्या कापडावर थापून तव्यावर दोन्ही बाजूंनी नीट भाजावे. गरम पाण्याने पीठ बांधले जाते.

३) ताकातील कढी : २ चमचे पीठ १ वाटी ताज्या ताकात व १ वाटी पाण्यात गुठळ्या न होता कालवावे. आले, जिरे व सैंधव घालून मंद आचेवर, कच्चा वास जाईपर्यंत, सतत ढवळत शिजवावे. मंदाग्नीच्या व्यक्तींस तिन्हींपैकी ही कृती अधिक योग्य.

मधुमेहीस एका वेळी एक मध्यम थालीपीठ किंवा अर्धी वाटी शिजलेली खिचडी, सोबत ताक, असे प्रमाण आम्ही सांगतो. इन्सुलिन किंवा शर्करा कमी करणाऱ्या गोळ्या घेणाऱ्याने औषधाची मात्रा ठरवून घेतल्याविना उपवास करू नये.

पिठाची परीक्षा

कुट्टूच्या पिठातील स्निग्धांश लवकर खवट होतो आणि ओलाव्याने त्यास बुरशी लागते. २०११ च्या चैत्र नवरात्रात दिल्ली परिसरात कुट्टूच्या पिठाचे पदार्थ खाल्ल्यावर शेकडो लोकांना उलट्या व जुलाब झाले. २०२५ च्या शारदीय नवरात्रातही दिल्लीत अनेकांना असाच त्रास झाला. मागील सणाचे उरलेले अथवा सुटे पीठ म्हणूनच घेऊ नये. दाणे आणून घरी थोडे थोडे दळावेत, किंवा दिनांक पाहून बंद पाकीट घ्यावे, घट्ट डब्यात ठेवावे व महिन्याच्या आत संपवावे. कुबट वास वा खवट चव आल्यास ते टाकून द्यावे. भाजल्याने असे पीठ निर्दोष होत नाही.

गव्हाच्या ग्लूटेनची असहिष्णुता असलेल्यांस कुट्टू उपयुक्त आहे, परंतु गहू दळणाऱ्या चक्कीवर तो दळू नये. काही व्यक्तींस कुट्टूची तीव्र अ‍ॅलर्जी असते. प्रथमच खाणाऱ्याने अल्प प्रमाणात घ्यावा. अंगावर गांधी, ओठांस सूज वा श्वासास त्रास झाल्यास त्वरित रुग्णालय गाठावे.

उपवासाला काय खाता, एवढे विचारून आपला प्रश्न पुरा होत नाही. ते कसे शिजवले, कशासोबत व किती खाल्ले, पीठ केव्हाचे होते, हेही वैद्यबंधू-भगिनींनी विचारावे आणि सणापूर्वीच रुग्णास पाककृती लिहून द्यावी, ही विनंती.